पांढऱ्या पट्टीच्या आत

"टाचेच्या खाचेत राहिलंय," बूटवाली म्हणाली.

टोपीवाल्या पाहुण्यांनी हातातला ब्रश थांबवला आणि तिच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर ओशाळून गेली असती. डोक्यावर मोठ्या काठाची टोपी, गळ्यात दुर्बीण, पायात नुसते मोजे आणि मांडीवर उपडा घातलेला महागाचा बूट. तो त्यांनी एकदा घासला होता, तिनं सांगितलं म्हणून पुन्हा घासला होता, आणि बाईचं समाधान काही होत नव्हतं.

"अहो बाई, ह्या बुटांवर आता जेवायला वाढून घ्या," ते म्हणाले.

"जेवायचंच असतं तर मी काही बोलले नसते. तुम्हाला तळ्यावर जायचंय. टाचेपाशी तपकिरी दिसतंय ना, ते काढा. मग औषधात बुडवा, मग उन्हात ठेवा."

"आणि मग?"

"मग वाळेपर्यंत बसा. बाक त्यासाठीच आहे."

आता कोणी म्हणेल, बाई जरा जास्तच करते. म्हणोत बापडे. गावातही तेच म्हणत. कोणी तिला तिच्या नावानं हाक मारीनासं झालं होतं, बूटवाली म्हणजे बूटवाली. लांबून आलेल्या माणसाशी गोड बोलावं, चहापाणी विचारावं, हे काम घरात सासूबाईंचं. पाहुण्यांना तळ्यावर नेऊन हळू आवाजात माहिती सांगणं हे नवऱ्याचं. आणि फाटकात उभं राहून सगळ्यांचा वाईटपणा घेणं हे हिचं. ते काम तिनं मागून घेतलं होतं, हेही खरं.

फाटकाची जागा काही मोठी नव्हती. एका बाजूला नळ, त्याच्याखाली दोन टब. एकात साधं पाणी, दुसऱ्यात नाकात जाऊन बसणाऱ्या वासाचं औषध. भिंतीवर खिळ्यांना ब्रश टांगलेले. बूट वाळवायला उतरती फळी. आणि सिमेंटच्या जमिनीवर आडवी ओढलेली पांढरी पट्टी. पट्टीच्या बाहेर मळकी बाजू, आत स्वच्छ बाजू. मळक्या बुटाचा त्या पट्टीला नुसता स्पर्श झाला तरी बूटवालीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जायचा. ती स्वतः दिवसभर बाहेरच्या बाजूला असायची, पायात जुन्या रबरी सपाता, त्यांच्यावरून सगळ्या जगाच्या बुटांचा चिखल वाहत नाल्यात जायचा. आत जायचं तिला कारणच नव्हतं. नवऱ्याचे तळ्यावरचे बूट वेगळे होते, ते आतल्या बाजूच्या खुंटीवर असायचे आणि तळ्याच्या वाटेशिवाय कुठं जायचे नाहीत.

हे सगळं कशासाठी, तर वर डोंगराच्या कुशीत असलेल्या एका तळ्यासाठी. तळं म्हणजे तरी काय, झऱ्याच्या पाण्याचा एक पसरट खळगा, गुडघाभर खोल. पण त्यात बोटाच्या पेराएवढे बेडूक राहायचे, पोटाखाली पिवळे. गावात त्यांना गारगोट्या म्हणत, कारण दोन गारगोट्या एकमेकींवर वाजवाव्यात तसा त्यांचा आवाज. असे बेडूक पूर्वी दोनच ठिकाणी होते. एक हे तळं. दुसरं डोंगराच्या पलीकडच्या गावात, आणि ते गाव बूटवालीचं माहेर.

आता एकाच ठिकाणी होते.

माहेरची ती गोष्ट तिनं पाहुण्यांना कधी सांगितली नाही. तिथंही लोक बघायला यायचे, घराघरांतून त्यांची सोय व्हायची, पोरंसोरं त्यांना हात धरून तळ्यावर न्यायची. बूट धुवायचं कोणाच्या मनातही आलं नव्हतं. कुणाच्या तरी तळव्याला लागून, कुठल्या तरी लांबच्या दलदलीतून एक बुरशी आली. डोळ्यांना दिसायचीही नाही अशी. ती बेडकांच्या कातडीवर बसली आणि बेडूक पटापट मरायला लागले. तिचा धाकटा भाऊ तेव्हा तिथंच होता. त्यानं आणि गावातल्या चौघांनी मेलेले बेडूक टोपल्यांतून उचलले. तो तिला एवढंच म्हणाला होता, "ताई, गारगोट्या शेवटपर्यंत बोलत होत्या गं. बोलताहेत म्हणजे बरं आहे, असं वाटत राहिलं आम्हाला."

त्यानंतर पाहुणे यायचे बंद झाले. घरावरच्या राहण्याच्या सोयीच्या पाट्या लोकांनी उतरवल्या, काहींनी तेवढंही केलं नाही. बूटवाली माहेरी गेली की तळ्याकडच्या रस्त्याला फिरकायची नाही. आणि इकडे परत आली की फाटकात अधिकच कडक व्हायची. नवरा थट्टा करायचा, "अगं, तू झोपेतसुद्धा माझे तळपाय घासतेस." ती हसायची नाही. तिचा जीव कायम टांगणीला लागलेला असायचा, आणि ह्या घरात फक्त आपल्यालाच भीती वाटते ह्याचा तिला रागही यायचा.

तर टोपीवाल्यांनी टाचेची खाच खरवडून काढली, बूट औषधात बुडवला, फळीवर ठेवला आणि बाकावर जाऊन बसले. बूटवालीनं त्यांचा टब ओतून दिला आणि नवं पाणी भरायला नळ सोडला. नळानं दोनदा घसा खाकरला आणि थेंब थेंब गळायला लागला.

"आज पाण्यालाही धाड भरली," ती पुटपुटली, आणि घराकडे तोंड करून ओरडली, "सासूबाई! आत तरी पाणी येतंय का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीत सासूबाईंचं डोकं दिसलं. "नाही गं. वरच्या टाकीचा पाइप सुटलाय. सकाळपासून धार बारीक होत होती. काळजी करू नकोस, मी पान्याला बोलावून घेतलंय."

पान्या म्हणजे तिचा तोच धाकटा भाऊ. नळजोडणीचं काम करायचा, खिशात सदा पाना, म्हणून पान्या.

"कधी येतोय?"

"येतोय काय, आला! चहा प्यायला, आणि मागच्या वाटेनं टाकीवर गेला. तू त्या टोपीवाल्याशी हुज्जत घालत होतीस ना, म्हणाला, ताईला तिचं काम करू दे."

बूटवालीच्या हातातला ब्रश टबात पडला.

वरची टाकी तळ्याला खेटून होती. टाकीवर जायचं तर तळ्याच्या काठाच्या ओल्या गवतातूनच पाय टाकावा लागायचा. आणि मागची वाट ही घरच्या माणसांची वाट. तिथं फाटक नव्हतं, टब नव्हता, पांढरी पट्टी नव्हती. कधी लागलीच नव्हती. घरचं माणूस वर गेलं तर तळ्यावरचे बूट घालून जायचं, आणि नवऱ्याशिवाय जातं कोण?

"सासूबाई," तिचा आवाज चिरकला, "त्याच्या पायात काय होतं?"

"कोणाच्या?"

"पान्याच्या! बूट होते का?"

"असतील की. एवढा डोंगर ओलांडून अनवाणी का येईल तो?"

"धुतले का त्यानं? तुम्ही धुवायला सांगितले का?"

आता सासूबाईंना राग आला. त्या खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. "हे बघ. सुनेचा भाऊ दारात आला. तो काय पाहुणा आहे तिकीट काढून आलेला? त्याला काय, तिथंच उभा राहा, आधी बूट घास, म्हणून सांगू? तुझ्या माहेरी काय म्हणतील मला? मागे बादलीत काहीतरी खळबळत होता थोडा वेळ, मी नाही बघितलं. आपलंच माणूस आहे ना!"

आपलंच माणूस! इतकी वर्षं लांबून आलेल्या लोकांच्या टाचा तपासल्या, त्यांचे टोमणे ऐकले, आणि ज्या गावात बुरशीनं एकही बेडूक शिल्लक ठेवला नाही त्याच गावाचा चिखल पायाला घेऊन तिचा सख्खा भाऊ चहा पिऊन मागच्या दारानं वर गेला. आणि कोणाला काही वाटलं नाही, कारण तो तिचा भाऊ होता.

तिनं ओला हात पदराला पुसून फोन लावला. फोन वाजला. खिडकीच्या आत, सासूबाईंच्या डब्यांच्या मांडणीवर.

"अगं, हा इथंच विसरलाय," सासूबाई म्हणाल्या.

ती मागच्या अंगणाकडे धावली. पायरीवर ओला ठसा होता, ढोपरापर्यंतचे रबरी बूट असतात त्यांचा, जाडजूड, आडव्या पट्ट्यांचा. हजार बुटांत तिनं तो ओळखला असता. पान्याचेच. डाव्या टाचेचा एक तुकडा उडालेला. ती सरपणाच्या खोपीकडे, बादलीकडे बघायला थांबलीच नाही. ठसा दिसला तेवढा तिला पुरे झाला.

मागची वाट झाडीतून वळसा घेत जायची. फाटकाची वाट सरळ आणि जवळची. ती तशीच परत फिरली, फाटकातून आत घुसली.

"अहो बाई, माझे बूट वाळलेत की," टोपीवाले बाकावरून उठले.

"बसा तिथंच!" ती न वळता ओरडली, आणि चढाला लागली.

वयाची चाळिशी उलटलेली बाई, गुडघे कुरकुरणारे, पण त्या दिवशी ती पळाली. पळताना डोक्यात नुसता कल्लोळ. पाइप कुठून सुटला असेल? वरून सुटला असेल तर त्याला पाण्यात उतरावं लागलं नसेल. खालून सुटला असेल तर उतरलाच असेल, ढोपराइतक्या पाण्यात, माहेरच्या चिखलासकट. मेल्या, तुला कळत नाही का? तू स्वतः टोपल्या उचलल्यास ना रे? मग मनात यायचं, बिचाऱ्याला ओरडू नकोस, तो मदतीलाच आलाय. मग पुन्हा राग. सासूबाईंचा राग, नवऱ्याचा राग, मागच्या वाटेवर टब ठेवू या असं तिनंच एकदा म्हटलं होतं आणि नवऱ्यानं "तिथून कोण जातंय" म्हणून उडवून लावलं होतं, त्याचा राग.

आणि सगळ्यांच्या खाली एकच भीती, पाण्याखालच्या दगडासारखी. बेडूक मेले तर? ह्या जगात दुसरीकडे कुठं जाऊन आणायचे ते? पाहुणे येणार नाहीत, घरं पुन्हा ओस पडतील, हे सगळं नंतरचं. आणि गावात काय बोलतील तेही तिला आत्ताच ऐकू येत होतं. बूटवालीचाच भाऊ. जगाला शहाणपण शिकवणारी. त्या बोलण्याचं तिला वाईट वाटलं, आणि आपल्याला त्याही वेळी बोलण्याचंच वाईट वाटतंय ह्याची लाज वाटली.

वाट एका ठिकाणी झऱ्याला वळसा घालायची. वळसा घालायला तिला वेळ नव्हता. ती सरळ झऱ्यातून गेली, पाणी पोटऱ्यांपर्यंत उडालं, सपाता फचफच वाजत होत्या. एक सपात चिखलात रुतली, तिनं ती उपटली, पायात घातली आणि पुन्हा पळाली.

तळं दिसलं तेव्हा तिला श्वास घेता येत नव्हता. टाकीच्या कठड्यावर पान्या उकिडवा बसला होता, पाठमोरा, पाइपात तोंड घालून.

"पान्या! हलू नकोस!"

तो दचकून वळला. "ताई, ओरडतेस काय? घाबरतील ना गारगोट्या."

"तू बोलू नकोस! पाण्यात उतरलास का? उतरलास का सांग आधी!"

"उतरलो म्हणजे... हा सांधा खालीच आहे."

तेवढ्यात तिला त्याचे पाय दिसले. कठड्यावर दोन अनवाणी पाय, लालभडक झालेले, कोणीतरी घासणीनं घासावेत तसे. विजार मांड्यांपर्यंत वर गुंडाळलेली. शेजारी पाना आणि करवत फडक्यावर मांडलेली, दोन्ही चकचकीत.

"बूट कुठे आहेत तुझे?"

"खाली. सरपणाच्या खोपीमागे, कुंपणाच्या खांबांवर उलटे अडकवलेत. चहा घ्यायच्या आधीच काढले. तुझं औषध तिथं ठेवलेलं असतंच, बादलीत कालवलं आणि बूट, हत्यारं, सगळं बुडवलं. पाय पण घासले, भाजल्यासारखे झालेत." त्यानं हात फडक्याला पुसले. "ताई, मी त्या गावचा आहे. मी तसा येईन का इथं?"

बूटवालीचा जीव असा काही भांड्यात पडला की तिला उभं राहवेना. ती काठावरच्या दगडावर बसली आणि हसायला लागली, हसता हसता रडायला लागली. "मेल्या," ती म्हणाली, "मेल्या, मला वाटलं, मला काय काय वाटलं..." पाय पाण्यात सोडून ती नुसती धापा टाकत राहिली. पाणी गार होतं. एवढ्या वर्षांत ती तळ्याच्या इतक्या जवळ कधी आलीच नव्हती. हातभर अंतरावर एका पानावर गारगोटी बसली होती, पोट पिवळंधमक, गळा धडधडतोय. किती एवढीशी होती ती! बूटवालीला ती इतकी आवडली की तिनं भावाला खुणेनं दाखवली.

पान्या तिकडे बघत नव्हता. तो खाली, पाण्यात बघत होता.

"ताई," तो अगदी हळू म्हणाला, "तुझ्या पायात काय आहे?"

तिनं खाली पाहिलं. पाण्यात तिच्या सपाता होत्या. दिवसभर टबांच्या ओघळात उभ्या असलेल्या, कुठकुठल्या देशांच्या, कुठकुठल्या दलदलींच्या, आजच सकाळी टोपीवाल्यांनी टाचेतून खरवडलेल्या चिखलात भिजलेल्या. त्यांच्या खाचांतून एक तपकिरी धागा सुटून हळूहळू तळ्यात पसरत होता.

तिनं पाय वर ओढायला घेतले आणि मधेच थांबली. कुठे ठेवणार? गवतात? गवतही ओलंच होतं. मग एकामागून एक सगळं तिच्या डोळ्यांपुढे आलं. फाटक. पांढरी पट्टी, जिच्यावरून ती पळत आली होती आणि तिला दिसलीसुद्धा नव्हती. झरा, ज्याच्यातून ती सरळ गेली होती, आणि जो ह्याच तळ्याला मिळत होता. चिखलात रुतलेली सपात. मी, ती मनात म्हणाली. दुसरं कोणी नाही. मी आणलं.

"काढ त्या," पान्या म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. "काढ, माझ्या पिशवीत टाक. पिशवी घट्ट बांधून नेतो मी खाली. कोणी बघितलं नाही, ताई. आणि कदाचित काही होणारही नाही. प्रत्येक चिखलात थोडीच असते ती? मी मेलो तरी कोणाला सांगणार नाही."

तो खरंच सांगणार नव्हता. लहानपणापासून तिच्या सगळ्या खोड्या त्यानं पोटात ठेवल्या होत्या. आणि ती क्षणभर, अगदी खरोखर, तसं करायला तयार झाली. डाव्या पायाची सपात तिनं हातात घेतलीही. खाली दुपारच्या गटाचे लोक येतील, बूट घासतील, ती त्यांना म्हणेल, टाचेच्या खाचेत राहिलंय. नवरा त्यांना इथं आणेल. ते काठावर वाकतील, आणि इथं काही असेलच, तर ते त्यांच्या बुटांना लागून पुढच्या तळ्याला जाईल, तिथून पुढच्या. कोणाच्या तरी माहेराला.

"पान्या," ती म्हणाली, "तू आलास तसाच मागच्या वाटेनं खाली जा. पाय पुन्हा औषधात घाल. ह्यांना सांग, फाटक बंद करा. आज कोणी वर यायचं नाही. उद्याही नाही. बेडकांची तपासणी करायला येतात त्या बाईंना फोन करायला सांग, पाण्याचे नमुने घ्यायला लगेच या म्हणावं."

"आणि कारण विचारलं तर?"

"खरं ते सांग."

"कोणी केलं म्हणून विचारतील, ताई."

"बूटवालीनं केलं म्हणून सांग." तिनं दुसरीही सपात काढून मांडीवर उपडी घातली. "जा आता. मी इथून हलत नाही. आणखी एक पाऊल मला टाकायचं नाही."

तो गेला. ती दगडावर बसून राहिली, दोन्ही पाय अधांतरी उचलून, सपाता मांडीवर उपड्या, अगदी टोपीवाल्यांनी बूट धरला होता तशा. पाय भरून आले, पेटके आले, तरी तिनं ते खाली टेकवले नाहीत. ती गारगोटी पानावरून कधी गेली ते कळलं नाही. पाण्यातला तपकिरी धागा आता दिसत नव्हता, आणि हेच जास्त वाईट होतं. दिसत होता तोवर तो कुठं आहे हे तरी कळत होतं.

नवरा आला तेव्हा त्याच्या एका हातात टब होता, दुसऱ्या हातात औषधाचा डबा. पायात तळ्यावरचे बूट. मागून टोपीवाले, हातात ब्रश आणि पोतं, पायात त्यांचे ते तीनदा घासलेले बूट. सगळ्या गावात ह्या घडीला वर यायला लायक अशी दोनच माणसं होती, आणि त्यांतले एक ते होते.

नवरा रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं तिच्याकडे बघितलं, तळ्याकडे बघितलं, आणि "तू?" एवढंच म्हणाला. त्या एका शब्दानं तिला रडूच फुटलं.

"मी पट्टी बघितलीच नाही हो," ती म्हणाली. "मला वाटलं, पान्यानं... मी वाचवायला आले होते."

"माहितीय," तो म्हणाला. मग टोपीवाल्यांच्या हातातलं पोतं घेत, "मागच्या वाटेवर टब ठेव म्हणत होतीस तू. माझंच चुकलं." त्यानं पोतं जमिनीवर पसरलं, टब त्यावर ठेवला, औषध ओतलं. त्याच्या हातून ते थोडं सांडलं, पोत्यानं ते टिपून घेतलं.

टोपीवाले गुडघ्यांवर बसले. टोपी काढून त्यांनी बाजूला ठेवली. आतून अगदी साधा, टक्कल पडलेला, घाबरलेला माणूस निघाला. "द्या," ते म्हणाले आणि तिच्या मांडीवरची सपात घेतली. त्यांनी सपात टबावर धरून घासली, उलटी केली, उजेडात धरली. पुन्हा घासली. त्यांच्या आवाजात चेष्टा नव्हती, असती तर तिनं ती सहन केली असती.

"टाचेच्या खाचेत राहिलंय," ते म्हणाले, आणि पुन्हा घासायला लागले.

मग त्यांनी तिचा पाय हातात घेतला, टबात बुडवला, बोटांच्या बेचक्यांतून ब्रश फिरवला. औषध झोंबत होतं. खाली फाटकाची कडी लागल्याचा आवाज आला. तेवढ्यात तळ्याच्या पलीकडच्या काठावर एका गारगोटीनं आवाज केला. टक. दुसरीनं उत्तर दिलं. मग चहूकडून, टक टक टक, सगळं तळं बोलायला लागलं.

नवऱ्यानं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आलं. "ऐक," तो तिला म्हणाला, "ऐक ना, बोलताहेत की सगळ्या!"

झाडीच्या कडेला, मागच्या वाटेवर, पान्या परत येऊन उभा होता. पाय पुन्हा लाल करून आला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं मान खाली घातली.

ती ऐकत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकत होती. मग तिनं नाक पुसलं आणि दुसरा पाय पुढे केला.

"नीट घासा," ती म्हणाली.